हिरव्या खुणेचं घर

"आपत्ती कधीच नैसर्गिक नसते. वारा नैसर्गिक असतो, पाणी नैसर्गिक असतं, जमीनही आपल्या स्वभावाने हलते. त्यांची आपत्ती करतात ती माणसं, आणि तीही बहुतेक वेळा सह्या करून."

हे वाक्य विद्यापीठाच्या आपत्ती अभ्यास विभागाच्या दाराशी पितळी पाटीवर कोरलेलं आहे. ते उच्चारणारी विदुषी त्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून, टेबलाच्या आखूड पायाखाली काय सारावं या विवंचनेत होती. शेवटी तिने स्वतःच्याच एका शोधनिबंधाची चौघडी केली आणि ती पायाखाली दडपली. टेबल डुगडुगायचं थांबलं. तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत तिच्या लेखनाचा इतका तात्काळ परिणाम कुणी पाहिला नव्हता.

"झालं असेल तर बाहेर ये, धाकटे," वरून दादाचा आवाज आला. "पाच वाजेपर्यंत वेळ आहे, आणि तू टेबलाखाली आहेस."

धाकटी बाहेर आली. विद्यापीठात तिला सगळे 'मॅडम' म्हणत, परिषदांमध्ये तिच्या नावाआधी चार पदव्या वाचून दाखवत. पण या घरात ती त्रेसष्टाव्या वर्षीही धाकटीच होती, आणि राहणार होती. भाऊ होता तो दादा. दादाने कोर्टात चौतीस वर्षं नोकरी केली. न्यायाधीश म्हणून नव्हे, न्यायाधीशांच्या पुढ्यातल्या टेबलावर. पण न्यायाच्या इतक्या जवळ इतकी वर्षं बसल्यावर माणसाला त्याचा वास लागतोच. दादा मीठ मागायचा तेही निकाल वाचल्यासारखं. त्याच्या शेजारी वहिनी विणकाम घेऊन बसली होती. खिडकीपाशी त्यांची मुलगी बारकी लॅपटॉप उघडून उभी होती. तिघं गावातच दुसरीकडे राहत, आज मुद्दाम आली होती. बारकी आता चौतीस वर्षांची होती आणि घरात सगळ्यांत उंच. आत्याच्याच विभागात ती शिकवत असे, आणि पुढच्या महिन्यात तिला तिथे कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

आणि चाकांच्या खुर्चीत, सगळ्यांकडे पाठ करून, ताई बसली होती. ताई सर्वांत थोरली. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली बाई. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली. जीभ उजव्या बाजूची असावी, कारण ती शाबूत राहिली.

"तुम्ही बोला," ताई म्हणाली. "मी ऐकत नाहीये."

बोलायचं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी, एका दुपारी, याच वस्तीमागच्या शीतगृहातून अमोनिया सुटला. भोंगा झाला, गाडीवरून कर्णे ओरडत फिरले, आणि चाळीस मिनिटांत अकराशे माणसं वाऱ्याच्या उलट दिशेला नेऊन पोहोचवली गेली. त्यात अंथरुणाला खिळलेले त्रेचाळीस होते, आंधळे सात, आणि ऐकू न येणारे किती ते कर्ण्याला कधीच कळलं नसतं. ते सगळे सुटले ते धाकटीच्या नोंदवहीमुळे. वस्तीतल्या प्रत्येक घराला नोंदवहीत खूण होती. पिवळी खूण म्हणजे इथे जा, दार वाजवा, माणूस उचलून आणा. हिरवी खूण म्हणजे इथली माणसं आपल्या पायांनी निघतील, थांबू नका, पुढे चला. तेहतीस वर्षांच्या अभ्यासाचं सार त्या दोन रंगांत होतं, आणि ते कामाला आलं. एक घर सोडून.

घर क्रमांक सत्तावीस. हिरवी खूण. आत ताई.

धाकटी त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला विद्यापीठाच्या सभागृहात बोलत होती. विषय होता 'कुणीही मागे राहू नये'. ताईला सांभाळणारी बाई औषधं आणायला गेली होती ती पोलिसांच्या अडथळ्यांच्या पलीकडेच अडकली, आणि ज्या फोनवर ती पुन्हा पुन्हा धाकटीला गाठत होती तो फोन भाषणाआधी शिस्तीने बंद केलेला होता. बातमी कळल्यावरही धाकटी घाबरली नाही. आपली नोंदवही आहे, ताईला आणलंच असेल. संध्याकाळी ती एक शाल घेऊन, वस्तीतली माणसं जिथे नेली होती त्या शाळेच्या सभागृहात गेली आणि खाटांमागून खाटा बघत चालत राहिली. प्रत्येक खाटेवर कुणीतरी होतं. ती पहिल्या खाटेपासून पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तिने जुने अर्ज काढले. सत्तावीस क्रमांकाच्या घराचा अर्ज नोंदवहीतला अगदी पहिला होता. सहा वर्षांपूर्वी, स्वयंसेवकांना शिकवण्यासाठी नमुना म्हणून तिनेच तो भरला होता: घरात प्रशिक्षित व्यक्ती आहे, मदतीची गरज नाही. तेव्हा ताई जिने चढत होती. दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरी जाऊन, माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला बसून, त्यालाच विचारून अर्ज ताजा करायचा, असा धाकटीचा कडक नियम. सत्तावीस क्रमांकाचं घर तिच्याकडे होतं. ताईची बाजू गेल्यानंतर चार वेळा तिने विभागातल्या खुर्चीत चहा पीत त्या अर्जावर लिहिलं होतं: बदल नाही.

आणि आता अहवाल. तोही तिनेच लिहायचा होता, कारण या विषयातलं दुसरं कुणी पंचक्रोशीत नव्हतं. त्यात तूर्त एक वाक्य होतं: 'घर क्रमांक सत्तावीस येथे संबंधित परिचारिकेने दार वाजवले नाही.' वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच त्याचं वाईट होतं. त्या दिवशी ही गल्ली जिच्याकडे होती त्या नर्सला नगरपालिकेने तात्पुरतं कामावरून दूर केलं होतं. अहवाल गेला की कायमचं घरी पाठवणार होते.

"मी एक मसुदा केलाय," दादाने खिशातून कागद काढला. "नर्सचीही नोकरी वाचते, नोंदवहीही वाचते, बारकीचंही अडत नाही. सगळ्यांचं समाधान होईल असा निकाल मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. हा पहिला."

"वाच की," ताई खिडकीला म्हणाली.

"'मी, खाली सही करणार, त्या दिवशी घरात होते. दारावर थाप पडलेली मी ऐकली. परंतु घर सोडण्याची माझी इच्छा नसल्याने मी उत्तर दिले नाही.' बस. तीन वाक्यं."

खोलीत विणकामाच्या सुया तेवढ्या चालू राहिल्या.

"म्हणजे मी खुळी," ताई म्हणाली.

"खुळी नाही, हट्टी. हट्टी असणं गुन्हा नाही."

"या घरात तर अजिबात नाही," वहिनी पुटपुटली.

धाकटीने बारकीकडे पाहिलं. बारकी लॅपटॉपकडे बघत होती. "आत्या, नियमात बसतं ते," ती हळू म्हणाली. "स्वेच्छेने नकार देणाऱ्यांचा रकाना आहे आपल्याकडे. त्या दिवशी खरोखरच पाच जणांनी नकार दिला. सहावं नाव कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. आणि हे बाहेर आलं ना, तर नोंदवही बंदच करतील. दुसऱ्या तीन गावांनी ती मागितलीय. त्या गावांतले पिवळ्या खुणांचे लोक काय करतील?"

हा प्रश्न लबाडीचा असता तर सोपं गेलं असतं. तो खरा होता. गेले तीन आठवडे धाकटी रोज पहाटे हाच प्रश्न स्वतःला घालत होती, आणि रोज तो तिच्या सोयीचा निघत होता. उत्तर सोयीचं निघालं की आकडे पुन्हा तपासा, असं ती विद्यार्थ्यांना सांगत असे.

"ताई, तुझं काय म्हणणं?" तिने विचारलं.

"माझं काय, उजव्या हाताने सही येते मला. पण त्या मुलीला विचारल्याशिवाय करणार नाही."

"कुठल्या मुलीला?"

"नर्सला. अकराला बोलावलंय मी तिला. येईलच आता."

दादा उठून उभा राहिला. "तिचा नंबर तुला कुणी दिला?"

"एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते मी," ताई म्हणाली. "मला नंबर कुणी द्यावा लागत नाही."

दारावर थाप पडली. सगळेच दचकले; त्या घरात थाप या विषयावर इतका वेळ चर्चा चालली होती की प्रत्यक्ष थाप जरा जास्तच वाटली.

नर्स चाळिशीची, बुटकी, कामाच्या माणसाचे बूट घातलेली. सवयीने ती आधी ताईकडे गेली, तिचं मनगट धरून घड्याळाकडे बघितलं, मग खोकला किती येतो ते विचारलं. सगळ्यांना नमस्कार त्यानंतर केला. धाकटीने तिला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर बसणारी, सगळं उतरवून घेणारी.

"मावशी, तुम्ही बोलावलं म्हणून आले," ती म्हणाली. "नाहीतर माझं तोंड नव्हतं यायला."

"बस. चहा घे. हा माझा भाऊ, हा तुला वाचवणार आहे."

दादाने मसुदा पुन्हा वाचला. या वेळी आवाज किंचित खाली होता. नर्सने तो शेवटपर्यंत ऐकला, मांडीवर हात ठेवून.

"म्हणजे मी दार वाजवलं असं होतं यात."

"होय. आणि तुम्ही सोमवारपासून कामावर."

"पण मी नाही वाजवलं, साहेब." तिने धाकटीकडे पाहिलं. "दारावरून दोनदा गेले मी, मॅडम. एकदा जाताना, एकदा येताना. आतून रेडिओ ऐकू येत होता, मोठ्याने. पाय थांबला माझा. वाटलं, वाजवावं. मग तुमचं आठवलं. तुम्ही वर्गात सांगितलं होतं ना, मनाला वाटलं म्हणून दार वाजवायचं नाही. एकेक मिनिट मोजलेलं असतं. मनाला ओळखीचीच दारं दिसतात, आणि ज्याला ओळख नाही तो राहतो. यादी म्हणजे यादी. पुस्तकात हिरवं होतं. मी पुढे गेले. पुढच्या घरात दोघं म्हातारी होती, दोघांना उचललं." ती थांबली. "तो रेडिओ अजून ऐकू येतो मला. यादी चुकीची कशी असेल? माझंच काहीतरी बघायचं राहिलं असणार."

धाकटीने आजवर धरणफुटीच्या जागा पाहिल्या होत्या, कोसळलेल्या इमारतींसमोर उभी राहून तिने माहिती गोळा केली होती. अशा जागी आवाज कसा सपाट ठेवायचा ते तिला येत होतं. तसाच सपाट आवाज लावून ती म्हणाली,

"यादी चुकीची होती. ती खूण माझ्या हातची आहे. ताईची बाजू गेल्यावर मी ती बदलायला हवी होती. चार वेळा संधी होती. चारही वेळा मी घरी न विचारता 'बदल नाही' लिहिलं."

नर्सने कप बशीत ठेवला. अगदी हळू, दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवतात तसा.

"तुम्हाला हे कधी कळलं, मॅडम?"

"दुसऱ्या दिवशी."

"आज तीन आठवडे झाले."

"हो."

दादाने घसा साफ केला. चौतीस वर्षांत अशा शांततेत काहीतरी बोलायची त्याची सवय होती, पण ते शब्द नेहमी दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेले असत.

सुया थांबल्या. वहिनीने विणकाम मांडीवर ठेवलं. या घरात चाळीस वर्षांत तिने मतं फारशी दिली नव्हती. ती साठवून ठेवत असे, आणि साठवलेलं दूध फाटतं तसं तिच्या मतांचं होत असावं असा दादाचा समज होता.

"मी एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी काय झालं, हे ताईंना कुणी विचारलंय का?"

दादाने बारकीकडे पाहिलं, बारकीने आत्याकडे.

"नाही, मला वाटलं, विचारलं असेल. अहवाल आहे ना. तीन आठवडे इथे नर्सने काय केलं, कुणी काय भरलं, कुणाचं पद जाईल, हेच चाललंय. या तर घरातच होत्या."

धाकटीच्या नावावर एकशे बारा मुलाखतींचं एक पुस्तक होतं. आपत्तीतून वाचलेल्यांना काय विचारावं, कसं विचारावं, मध्ये किती थांबावं यावर. ती उठली, खुर्ची ओढून ताईच्या समोर नेली आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसली.

"ताई. त्या दिवशी काय झालं?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती जरा अवघडलेली दिसली.

"काय व्हायचंय. भोंगा झाला. मी म्हटलं, बरं झालं, आता येतील. दाराला दोन पायऱ्या आहेत, खुर्ची काही उतरत नाही. मी केस विंचरले. एका हाताने, पण विंचरले. माणसं येणार घरात, बरं दिसत नाही. बाहेर पावलं ऐकू येत होती. समोरच्या म्हातारीला उचललं, ती शिव्या देत होती त्यांना. मग शेजारच्यांना. मी मोजत होते घरं. आता आपलं. मग पावलं पुढे गेली." ती थांबली. "म्हटलं, विसरले असतील, परत येतील. म्हणून रेडिओ मोठा केला. परत आली पावलं. दाराशी थांबलीसुद्धा."

नर्सने मान खाली घातली.

"तू खाली बघू नकोस गं," ताई म्हणाली. "मी हाक मारायला हवी होती. मला लाज वाटली. प्राध्यापिकेची बहीण, आणि ओरडतेय. मग तो वास आला. डोळ्यांत सुया टोचल्यासारखं. फुलदाणीतली फुलं काढून त्या पाण्यात टॉवेल बुडवला आणि तोंडावर धरला. त्यालाही वास होता, फुलं चार दिवसांची होती. आणि रेडिओवर सांगायला लागले, वस्ती पूर्ण रिकामी झाली आहे, एकही माणूस मागे राहिलेला नाही. दर दहा मिनिटांनी सांगायचे. तेव्हा मला जरा शंका आली, मी माणूस आहे की नाही."

कुणी हसलं नाही. ताईला तशी अपेक्षाही नसावी.

"मग तुझी मुलाखत लागली," ती धाकटीला म्हणाली. "छान बोललीस. मी आवाज आणखी मोठा केला. म्हटलं, आवाज तरी आहे घरात. संध्याकाळी वारा फिरला, आणि तू आलीस. बस."

धाकटीला वाटत होतं आपण रडू. पण रडू आलं नाही. आली ती एक जुनी, ओळखीची शिस्त. ती उठली, बारकीच्या हातून लॅपटॉप घेतला, टेबलावर ठेवला आणि ते वाक्य पुसलं. त्या जागी लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत गेली.

"'घर क्रमांक सत्तावीस येथे परिचारिकेने नोंदवहीप्रमाणे काम केले. नोंद चुकीची होती. ती नोंद नोंदवहीच्या प्रमुखांनी स्वतःच्या घराबाबत, घरातील व्यक्तीस न विचारता, केली होती, व वेळोवेळी…'"

"धाकटे, जरा थांब," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज कोर्टातला नव्हता; लहानपणी तिला सायकलवर धरून पळणाऱ्या भावाचा होता. "पाटी काढतील ती. तुझं नाव घेऊन तुझ्याच विषयात मुलांना शिकवतील, कसं चुकावं म्हणून."

"शिकवायलाच हवं."

"आणि हिचं?" त्याने बारकीकडे बोट केलं.

बारकी टेबलापाशी आली. आत्याच्या खांद्यावरून तिने पडद्यावरच्या ओळी वाचल्या. तिचा चेहरा उतरला होता. पुढच्या महिन्यात काय होणार ते तिला या खोलीत सगळ्यांपेक्षा नीट कळत होतं.

"'वेळोवेळी' नको, आत्या," ती म्हणाली. "'चार वेळा' लिही. आणि तारखा घाल. माझ्याकडे आहेत." तिने खुर्ची ओढली. "त्या अर्जांवर तपासणाऱ्याची सही असते. ती माझी आहे. तेही लिही."

दादाने आपला मसुदा उचलला, घडी घातली, पुन्हा उघडली. मग तो वहिनीकडे सरकवून म्हणाला, "ठेव तुझ्याजवळ." वहिनीने त्यावर लोकरीचा गुंडा ठेवला.

बारा वाजून दहा मिनिटांनी अहवाल गेला. पाचाची मुदत होती. सरकारी कागद मुदतीच्या आधी पोहोचल्याची नोंद बहुधा कुठेतरी अजून जपून ठेवलेली असेल. नर्स निघायला उठली. दाराशी ती धाकटीला म्हणाली, "मॅडम, माफ केलं असं मला आज म्हणता येणार नाही."

"म्हणू नका."

"मावशींना बघायला येईन मी मात्र. गुरुवारी." आणि ती दोन पायऱ्या उतरून गेली.

धाकटी आत आली. पिशवीतून तिने एक कोरा अर्ज काढला, पेन्सिल काढली, आणि पुन्हा ताईसमोर बसली. दादा-वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. एखाद्या समारंभाला उभे राहावं तसे.

"वय?"

"तुला माहीत आहे."

"विचारून लिहायचं असतं."

"एकाहत्तर."

"मदतीशिवाय उठता येतं?"

"नाही." हे उत्तर ताईने आजवर कुणाला दिलं नव्हतं. पेन्सिल क्षणभर थांबली, मग चालू झाली.

"धोक्याची सूचना ऐकू येते?"

"येते. जरुरीपेक्षा जास्त येते."

"घरात दिवसभर सोबत कोण असतं?"

ताईने विचार केला. "सोबत म्हणशील तर रेडिओ. ती बाई असते, पण ती फोनवर असते. तू नसतेस."

धाकटीने तेही लिहिलं, जसंच्या तसं. मग वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात तिने पिवळ्या खडूने खूण केली. रंग चौकोनाबाहेर गेला नाही. कारकिर्दीतली ती बहुधा शेवटची खूण होती, हे तिला ठाऊक होतं, आणि दारात उभ्या असलेल्यांनाही. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. दादाने मान वळवली. आता अर्जातला अखेरचा प्रश्न तेवढा राहिला होता, आणि धाकटीने तो हजारो घरांत ज्या आवाजात विचारला होता त्याच आवाजात, बहिणीच्या डोळ्यांत पाहत विचारला:

"तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का?"

ताईने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा बारकीकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

"डाव्या पायातला मोजा," ती म्हणाली. "सकाळी तू उलटा घातलायस. टाच वर आलीय. जरा नीट कर."